भिंतीपाशी येणारी हरणी

३ जानेवारी, शनिवार

हरीण! आमच्या परसात!

सकाळी सव्वासहाला म्हशीला वैरण टाकायला मागच्या दारानं बाहेर पडलो, तर मेथीच्या वाफ्यात कोणीतरी उभं. धुकं होतं. वाटलं, शेजारच्या दगडाबाईची शेळी सुटली. हाकलायला हात वर केला आणि तो तसाच वर राहिला. तांबूस अंग, त्यावर पांढरे ठिपके. चितळाची मादी! माझ्यापासून पंधरा पावलांवर. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. दोघांनाही पुढं काय करायचं ते सुचेना. मग ती दगडाबाईच्या भिंतीच्या कडेकडेनं गेली आणि बांधावरून दिसेनाशी झाली.

सव्वीस वर्षं पलटणीत काढली. आसामात रानहत्ती बघितले, वर बर्फात कस्तुरीमृग बघितला. आणि आज स्वतःच्या परसात हरीण बघून हातातली वैरण खाली पडली. कोणी बघितलं नाही ते बरं.

शालूला उठवून सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि कूस बदलली.

ही डायरी मुलानं, शंभूराजनं दिवाळीत आणलेली. त्याचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान आहे, त्याचीच. कव्हरवर तामिळमध्ये काय लिहिलंय देव जाणे. पहिली दोन पानं कोरीच राहिली. लिहिण्यासारखं या घरात काही घडतच नव्हतं.

४ जानेवारी, रविवार

आज दोनदा. उजाडताना एकदा, दिवेलागणीला एकदा.

उलगडा सोपा आहे. डोंगरावर अभयारण्य, तिथली चितळं शेतात उतरतात, त्यात नवं काही नाही. पण घरामागं यायचं धाडस करत नाहीत. आता आमच्या बांधापलीकडं जयराजच्या उसाला तोड लागलीय. अर्धं रान चार दिवसांत मोकळं झालं. ऊस तुटला की त्यात दडलेलं सगळं बाहेर पडतं — ससे, कोल्हे, साप. ही त्यातलीच. आसरा गेला म्हणून आमच्याकडं आली. आणि मेथी मात्र गोड लागलेली दिसते. अर्धा वाफा साफ!

संध्याकाळी शालूला दंडाला धरून मागच्या दारात आणली. यायला तयार नव्हती. आली, बघितलं, आणि चौकटीला टेकून उभी राहिली. हरणी गेली तरी उभीच. मग म्हणाली, "लय वाळलीया ओ ती." आत गेली आणि दोन भाकरी थापल्या. एक माझी, एक तिची. तिची तिनं पुरी खाल्ली.

मुद्दाम लिहून ठेवतो. जूनपासून शालू अर्ध्या भाकरीवर आहे.

५ जानेवारी, सोमवार

दोन्ही वेळेला आली. शालू माझ्या आधी दारात!

६ जानेवारी, मंगळवार

आज शालू हसली.

हरणी हौदावर पाणी प्यायला गेली. म्हशीला काय वाटलं कोणास ठाऊक, तिनं जोरात नाक फुरफुरवलं. हरणी चारी पायांवर उडाली, तिला बघून म्हैस दचकली आणि दावं तोडायच्या बेतात आली. शालू तोंडाला पदर लावून हसली. आवाज झाला हसण्याचा. मी सात महिन्यांनी ऐकला.

या सात महिन्यांचं कधी लिहिलं नाही. लिहिलं की खरं होतं, असं काहीतरी डोक्यात होतं. आज लिहितो.

आमची नात प्रियदर्शनी. ती अकरा महिन्यांची असताना तिच्या आईला, साक्षीला कावीळ झाली. कोइमतूरला दुकानावरच्या एका खोलीत त्यांचा संसार, खालून ॲसिडचा धूर. शंभूराज पोरीला इथं सोडून गेला — दोन महिन्यांसाठी. त्या दोन महिन्यांची चार वर्षं झाली. साक्षी केव्हाच बरी झाली, पण शालू पाठवीना. आता थंडी आहे, आता पोरीचा घसा बसलाय, आता तिला माझीच सवय झालीय. मीही काही बोललो नाही. मला काय कमी लळा होता? पोरगी माझ्या पाठीवर बसून सगळं गाव फिरायची.

जूनमध्ये शाळेत घालायची म्हणून साक्षी आली आणि घेऊन गेली. प्रियू शालूच्या पदराला लोंबकळून रडत होती. साक्षीनं तिचं एकेक बोट सोडवलं. त्या दिवसापासून शालू सुनेशी एक अक्षर बोललेली नाही. फोन आला की माझ्या हातात देते. पोरीशी तेवढं बोलते, आणि नंतर दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहते. जेवण नाही, झोप नाही, शेजारीपाजारी जाणं नाही. डॉक्टरनं टॉनिक दिलं. टॉनिकनं काय होतंय!

आणि हे बिनकामाचं, मेथीचोर जनावर येतं, आणि शालू हसते. हे जनावर रोज आलं पाहिजे. बाकी मला काही नको. उरलेला वाफाही तिचाच.

८ जानेवारी, गुरुवार

शालूनं तिचं नाव ठिपकी ठेवलं. मी म्हटलं, सगळ्याच चितळांना ठिपके असतात, हे कसलं नाव? तर म्हणाली, तुमचं नाव नाथाजी, गावात पाच नाथाजी आहेत, तुम्ही हाकेला ओ देता की नाही? ठिपकी तर ठिपकी. पण बरं वाटलं. टोमणे मारायला लागली म्हणजे बाईची प्रकृती सुधारली.

आज तर कहरच केला. चपला घालून स्वतः जयराजच्या रानात गेली आणि उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाडं डोक्यावर घेऊन आली. उंबरा न ओलांडणारी बाई! ऊसतोडीच्या बायकांशी गप्पाही मारून आली.

ठिपकीनं वाड्याला तोंड लावलं-न लावलं. तिची एक रीत आता माझ्या ध्यानात आलीय. परसात आली की आधी दगडाबाईच्या भिंतीपाशी जाते. कमरेएवढी दगडी भिंत, पलीकडं दगडाबाईचं शेळ्यांचं खोपट. तिथं दहा-पंधरा मिनिटं उभी राहते आणि बारीक आवाज काढते. शेळीपेक्षा बारीक, मांजरापेक्षा जाड. आम्ही बसतो ती पायरी भिंतीपासून जवळच. माझं मत, तो मला केलेला सलाम आहे. शालू म्हणते, "तुमाला कशाला करंल? वाडं कुनी आणलं?" यावर चहा होईपर्यंत भांडलो. पुष्कळ दिवसांनी भांडलो.

९ जानेवारी, शुक्रवार

वाडं तसंच. मेथीही नाही. उभी राहिली, ओरडली, गेली. दुसरीकडं पोट भरत असेल.

१० जानेवारी, शनिवार

दुपारी दगडाबाई आली. सत्तरी ओलांडलेली, एकटी, तीन शेळ्यांवर दिवस काढणारी बाई. आमच्याकडं तिचं कधी काही मागणं नसतं. आज दारातच घुटमळली. शेवटी म्हणाली, प्रियूची जुनी दुधाची बाटली आहे का? एका करडाला शेळी पाजून घेत नाही.

मी शालूकडं बघितलं. प्रियूच्या एकाही वस्तूला शालू हात लावू देत नाही. तिचे तोकडे झालेले फ्रॉकसुद्धा तिनं घडी घालून ठेवलेत. पण शालू उठली, कपाट उघडलं, बाटली काढून गरम पाण्यानं धुतली आणि दगडाबाईच्या हातात दिली. वर म्हणाली, बूच दोनदा उकळून घ्या, आक्का.

सगळी ठिपकीची कृपा! संध्याकाळी तिला मुद्दाम दोन गाजरं टाकली.

११ जानेवारी, रविवार

हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथं लिहितो.

संध्याकाळी पायरीवर बसलो होतो. शालू आत. गुडघा ठणकत होता म्हणून डोळे मिटले होते. पहाऱ्यावरची जुनी सवय, डोळे मिटले की कान जास्त उघडतात. ठिपकी भिंतीपाशी ओरडली. आणि पलीकडून उत्तर आलं. तसंच, पण अजून बारीक. ती ओरडली, पुन्हा उत्तर. मला वाटलं, दगडाबाईचं ते करडू. पण करडू कधीही ओरडतं. हे तिच्या मागोमाग ओरडत होतं. ती थांबली की तेही थांबत होतं.

बोळातून वळसा घालून दगडाबाईकडं गेलो. खोपटाचं दार आतून लावलेलं. हाक मारली. बऱ्याच वेळानं उघडलं. आत चुलीजवळ पोत्यावर, प्रियूच्या बाटलीला लुचत — पाडस. ठिपक्याठिपक्यांचं. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत मावेल एवढं.

दगडाबाईनं सगळं सांगितलं. ठिपकी मला पहिल्यांदा दिसली त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, जयराजच्या उसात तोडकऱ्यांना ते सापडलं. आई माणसांना बघून पळाली. कुत्री जमली होती. तोडीच्या बायकांनी उचलून हिच्या ओटीत घातलं. हिनं कुशीत घेतलं, पुसलं, बोळ्यानं दूध पाजलं, आणि मग पुढं काही करायचं राहिलंच नाही. कारण, ती म्हणाली, "मानसाचा हात लागला रं नाथा. आता आय जवळ घेत न्हाई. टाकून देती."

मीही लहानपणापासून हेच ऐकत आलोय. आमच्याकडं सगळे हेच मानतात. चिमणीच्या पिलाला आम्हाला कुणी हात लावू देत नसे.

मी म्हटलं, मग ती रोज दोनदा भिंतीला येते, ती कशाला? दगडाबाईनं मान खाली घातली. म्हणाली, "तुज्या मेथीला येती."

नऊ दिवस मीही तेच म्हणत होतो. मी आणि दगडाबाई, दोघंही त्या मेथीच्या आड लपलो होतो. सलाम म्हणे! आणि म्हशींच्या गोठ्यात वाढलेल्या माणसाला पहिल्या दिवशी तिची भरलेली कास दिसू नये? दिसली होती. आत्ता आठवते. बघितलं आणि मनावर घेतलं नाही.

घरी आलो तर शालू भोगीची भाजी निवडत बसली होती. गाजरं वेगळी काढली होती, ठिपकीसाठी. कुठं गेला होता, विचारलं. म्हटलं, पाय मोकळे करायला.

१२ जानेवारी, सोमवार

सांगितलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भाजी, लोण्याचा गोळा. शालूनं दीड भाकरी खाल्ली. मला घास उतरेना. म्हणाली, तुम्हाला काय झालं आता? आजारी पडायची पाळी आलटून-पालटून घ्यायची का?

का सांगत नाही, त्याची कारणं मनात जुळवत असतो. दगडाबाईवर जंगल खात्याची केस होईल, हे एक. हात लागलेलं पाडस आई टाकून देईल, ते फुकट मरेल, हे दुसरं. दोन्ही कारणं चांगली आहेत आणि दोन्ही खोटी. पाडस आईकडं गेलं की ठिपकी यायची नाही. ठिपकी आली नाही की शालू परत भिंतीकडं तोंड करून पडेल. एवढंच आहे. माझ्या बायकोचं हसू टिकावं म्हणून मी दुसऱ्या एका आईला भिंतीशी उभी करून ठेवलीय.

शालूवर माझा जीव आहे. चाळीस वर्षांत तिला हे कधी सांगितलं नाही. आणि आता तो असा दाखवतोय!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शालू नवी साडी नेसली. सुगडं पुजली, हरभरा, बोरं, उसाची कांडी, गाजर, सगळं रीतसर. गल्लीतल्या बायकांना वाण देऊन आली, आणि संध्याकाळी एक सुगड घेऊन भिंतीपाशी जाऊन बसली. आता ठिपकी तिला चार पावलांपर्यंत येऊ देते. शालूनं लांबूनच तिच्या दिशेनं हळद-कुंकवाची चिमूट उडवली. मी हसलो तर म्हणाली, "का? शिंगवाला नवरा आसंलच की डोंगरावर. सवाशीण हाय ती." मग म्हणाली, मे महिन्यात प्रियू येईल, तोवर ही अगदी हातावर येईल, मग दोघींची गाठ घालून देऊ.

ठिपकीनं एक बोर उचललं. मग भिंतीकडं तोंड करून ओरडायला लागली.

आज मी नीट बघितलं. तिची कास सुकलीय. मी गप्प बसलो, त्या दिवसांतलं दूध गेलं.

उद्या सांगतो. मग काय व्हायचं ते होवो.

१५ जानेवारी, गुरुवार

आज किंक्रांत. करीच्या दिवशी चांगल्या कामाला हात घालत नाहीत. वाईट सांगायला हरकत नसावी.

सकाळच्या चहालाच सांगितलं. सगळं. कधी कळलं आणि किती दिवस गप्प होतो, तेही. का गप्प होतो, तेही. शालूनं कप खाली ठेवला. वाटलं रडेल, किंवा माझ्यावर उखडेल. उखडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठली आणि दगडाबाईकडं गेली. परत आली ती दुपार उलटल्यावर. पदराला शेळीच्या दुधाचा वास.

संध्याकाळी ठिपकी आली, ओरडली, पलीकडून उत्तर आलं. आज शालूनंही ऐकलं. मी म्हटलं, आत्ता जाऊन पाडस घेऊन येऊ का? ती म्हणाली, "आज नगं. आज करीचा दिस हाय. सोडायचं तर चांगल्या दिवशी."

अंधार पडला, ठिपकी गेली, तरी शालू पायरीवरच. मी शाल आणून तिच्या खांद्यावर टाकली. तेव्हा बोलली. माझ्याशी की स्वतःशी, कळलं नाही.

"साक्षी दिवाळीला यायची, तवा आशीच उभी ऱ्हायची ओ. दारात. पिशवीबी खाली ठेवायची न्हाई. प्रियूला हाका मारायची, आनि पोर माज्यामागं लपायची. मी म्हनायचे, लाजतीया. मला लय बरं वाटायचं, ती लपली की."

  मी तिथंच होतो तेव्हा. मलाही बरंच वाटायचं.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी शिवतेजला फोन केला. माझ्या पलटणीतल्या दोस्ताचा मुलगा, वर्षभर झालं डोंगरावर वनरक्षक म्हणून आलाय. तासाभरात मोटरसायकलवर हजर. खाकी कपडे बघून दगडाबाईनं दार लावून घेतलं ते उघडेचना.

शिवतेज पोरगा शहाणा. पायरीवर बसून चहा प्याला. म्हणाला, काका, हाताच्या वासानं आई टाकते हे खरं नाही. खरी अडचण दिवसांची आहे. पहिल्याच संध्याकाळी जागेवर परत ठेवून सगळे लांब गेले असते तर काही प्रश्नच नव्हता. आता दूध आटलेलं असणार. पण ते पाला चावत असेल आणि आई अजून हाक मारत असेल तर जमेल. अजून दोन-चार दिवस गेले तर ती यायची थांबेल. दगडाबाईचं काय, विचारलं. तर म्हणाला, तो साहेबांना आहे तसंच सांगणार. कुत्र्यांपासून वाचवलं, आणि स्वतःहून परत दिलं. यात तिच्या वाईटाचं काही नाही.

हे सगळं मी दाराबाहेर उभा राहून दगडाबाईला ओरडून सांगितलं. आतून एकच उत्तर. घेणार नाही, आई त्याला घेणार नाही, ते माझ्याच हाताला लागलंय, मी कुशीत घेतल्याशिवाय झोपत नाही. रडत होती. बिचारीच्या घरात किती वर्षांनी कुणीतरी कुशीत आलं होतं.

शेवटी शालू आली. मला बाजूला केलं, दाराला तोंड लावलं आणि हळूच बोलली. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं.

"आक्का, मीबी चार वर्सं ह्येच म्हनत हुते. माज्या हाताला लागलीया, माज्याबिगर झोपत न्हाई. आनि ती माउली तिकडं येकली झुरत हुती. मला कवा दिसलीच न्हाई. तुमी तरी दार उघडा."

दार उघडलं.

१७ जानेवारी, शनिवार

सोडलं.

संध्याकाळी साडेपाचला शिवतेज आला. दगडाबाईनं पाडसाला शेवटचं पाजलं, मग शिवतेजनं ते पोत्यात गुंडाळून परसातल्या बोरीखाली आणून ठेवलं. आम्ही चौघं घरात, मागचं दार बंद, खिडकीची फट तेवढी उघडी. दगडाबाई बघणारच नाही म्हणत होती. सगळ्यात पुढं तीच.

पाडस लटपटत उठलं आणि सरळ आमच्या दाराशी आलं! दाराला नाक लावून उभं राहिलं. दगडाबाईनं तोंडात पदर कोंबला. शिवतेजनं सगळ्यांना गप्प राहायची खूण केली.

मग ठिपकी आली. नेहमीसारखी भिंतीकडं गेली आणि ओरडली. उत्तर मागून आलं. ती गर्रकन वळली.

धावत येईल, असं मला वाटलं होतं. आली नाही. चार पावलं पुढं आली, मान ताणून हुंगलं, आणि मागं सरली. धुराचा वास असेल, शेळीचा, आमचा. पाय आपटला. पुन्हा हुंगलं, पुन्हा मागं. असं किती वेळ चाललं कोणास ठाऊक.  शालूनं माझं मनगट धरलं होतं. अजून वळ आहे. मनात म्हणत होतो, घे गं बाई, आमचा वास आहे तो, त्याचा काय दोष.

आणि तिनं चाटलं. एकदा कानापाशी, एकदा पाठीवर. मग चाटतच राहिली, शेपटीपासून डोक्यापर्यंत, जसा काही आमचा सगळा वास पुसूनच काढायचा होता. पाडस तिच्या पोटाखाली शिरलं आणि ढुशा मारायला लागलं. दूध मिळालं की नाही, ते इथून दिसलं नाही. पण ते तिथंच राहिलं.

दिवे लागायच्या आत दोघं बांधावरून गेली. पाडसानं मागं वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं असं मला वाटलं, खोटं कशाला लिहू?

शिवतेज डोंगराच्या वाटेपर्यंत त्यांच्या मागावर लांबून गेला. कुत्री आडवी आली नाहीत, दोघं वर चढली, असा त्याचा फोन आला. दगडाबाईला रात्री आमच्याकडंच जेवायला ठेवून घेतलं. ती आणि शालू, दोघींनी मिळून एक भाकरी संपवली.

१८ जानेवारी, रविवार

आली नाही. येणारच नव्हती. तरी उजाडताना जाऊन बसलो. गेलो तर शालू आधीच पायरीवर.

दिवसभर तिच्यावर नजर ठेवून आहे. सकाळी अर्धी भाकरी. दुपारी अर्धी. पडून राहिली, तोंड भिंतीकडं. मी केलं ते बरोबरच केलं, हे मला माहीत आहे. बरोबर केलं म्हणून भीती कमी होत नाही.

मेथीला नवे कोंब फुटतायत. मला नकोत.

१९ जानेवारी, सोमवार

नाही.

२० जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी पायरीवर बसलो होतो, तर शालू माझा फोन घेऊन आली. कोइमतूरला लावून द्या, म्हणाली. साक्षीनं उचलला आणि घाबरूनच बोलली, मामा, आत्तींना बरं आहे ना? म्हटलं, आत्तीच बोलतायत.  मग साक्षी घाईघाईनं म्हणाली, थांबा, प्रियू खाली खेळतीय, हाक मारते.

शालूनं फोन माझ्या हातातून घेतला. "तिला खेळू दे," म्हणाली. "मला तुज्यासंगं बोलायचं हाय, साक्षी."

मी उठून म्हशीकडं गेलो. वैरण टाकली, पाणी दाखवलं, शेण काढलं, हौद घासला. दोघी अजून बोलतायत.